रेंज नसलेले १६० किलोमीटर

आर्क्टिक सर्कल ट्रेल ही वाट पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगरलुसुआकपासून निघते आणि किनाऱ्यावरच्या सिसिमिउतला पोचते. अंतर साधारण १६० किलोमीटर. मध्ये एकही गाव नाही. आहेत त्या मधूनमधून लाकडी झोपड्या, लांबच लांब तळी आणि वाट दाखवणाऱ्या दगडांच्या राशी. त्यांवर रंगवलेलं लाल अर्धवर्तुळ दिसलं की बरोबर चाललोय असं समजायचं. कुणी कुणी राशीवर रेनडियरची शिंगंही खोचून ठेवलेली असतात. कांगरलुसुआक मागे पडलं की मोबाइलची रेंज जाते, ती सिसिमिउत जवळ येईपर्यंत परत येत नाही.

आम्ही तिघं होतो. मी, दादा आणि दादाचा जुना दोस्त, ज्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो कधीच काही शिकवायची संधी सोडत नाही. तंबू, बूट, नकाशे यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो अडचणीत सापडलो तर बाहेर कळवायचं कशानं, यावर. आणि तो सोडवला वहिनीनं, जी आमच्याबरोबर येणारही नव्हती.

मास्तरचं म्हणणं, वेगळं यंत्र हवंच कशाला, माझ्या आयफोनमध्ये सॅटेलाइट एसओएस, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहावरून मदत मागायची सोय, आहे की. ही सोय २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि तिनं माणसं वाचवली आहेत, हे खरंच. पण ती ठरावीक देशांतच चालते आणि ६२ अंश अक्षांशाच्या वर चालेलच असं नाही, हे अ‍ॅपलनंच लिहून ठेवलंय. आमची वाट ६७ अंशांच्या आसपास. मास्तरनं ती सूचना दोनदा वाचली आणि फोन खिशात घातला.

या ६२ अंशांमागचं कारण कळलं तेव्हा यंत्र निवडणं मला सोपं झालं. दुकानात आपण यंत्र बघतो, त्याचा रंग, पडदा, बटणं. खरं बघायचं ते त्याच्यामागचं उपग्रहांचं जाळं. आयफोनची ही सोय ग्लोबलस्टारच्या उपग्रहांवर चालते. ते साधारण १,४०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, पण त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५२ अंशांचा कोन करतात. म्हणजे उपग्रह उत्तरेकडे ५२ अंशांपर्यंत चढतो आणि वळतो. ६७ अंशांवर उभ्या माणसाला तो दक्षिणेकडे खाली दिसणार, मध्ये डोंगर आला की गेलाच. शिवाय हे उपग्रह आलेला संदेश स्वतः पुढे नेत नाहीत, सरळ जमिनीवरच्या केंद्राकडे परतवतात. त्यामुळे त्याच क्षणी उपग्रहाला तुम्हीही दिसायला हवेत आणि ते केंद्रही. स्पॉट नावाची जी छोटी यंत्रं २००७ पासून मिळतात, ती याच जाळ्यावर चालतात. मध्यम अक्षांशांवर हिंडणाऱ्यांना ती पुरतात. आम्हाला नसती पुरली.

दुसरा प्रकार भूस्थिर उपग्रहांचा. हे विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच, एकाच जागी ठाण मांडून असतात. इनमारसॅटचे सॅटेलाइट फोन अशा उपग्रहांवर चालतात, थुरायाचेही. थुरायाचा प्रश्नच नव्हता, तिची सेवा ग्रीनलंडपर्यंत पोचतच नाही. इनमारसॅटची पोचते, पण किती वर? दादानं गॅलरीत उभं राहून हात लांब केला आणि मूठ क्षितिजावर धरली. लांब केलेल्या हाताची मूठ म्हणजे साधारण १० अंश. ६७ अंशांवरून भूस्थिर उपग्रह, अगदी तुमच्याच रेखांशावर असला तरी, जेमतेम १५ अंश वर असतो. दीड मूठ. समोर मोकळा समुद्र असेल तर ठीक, पण दरीच्या दक्षिण कड्याखाली तंबू टाकला की दीड मूठ आकाश कधीच झाकलेलं असतं.

राहिलं इरिडियम. त्याचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ ध्रुवांवरून जाणाऱ्या सहा कक्षांत फिरतात. एक फेरी सुमारे १०० मिनिटांत. सगळ्या कक्षा ध्रुवांकडे एकमेकींजवळ येत असल्यामुळे जितकं उत्तरेला जाल तितके जास्त उपग्रह डोक्यावर. शिवाय हे उपग्रह आपापसांत संदेश पुढे ढकलतात, त्यामुळे जवळपास जमिनीवरचं केंद्र असण्याची गरज नाही. याच कंपनीनं १९९८ मध्ये सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी दिवाळं काढलं. पण जाळं तगलं, आणि २०१७ ते २०१९ मध्ये सगळे उपग्रह नव्यानं सोडले गेले. आम्ही इरिडियमवर शिक्कामोर्तब केलं.

पण इरिडियमवरही फोन असतो आणि मेसेंजरही, म्हणजे उपग्रहावरून छोटे लेखी निरोप पाठवणारं यंत्र. शिवाय तिसरी गोष्ट म्हणजे पीएलबी. दादाचा जीव तिच्यात अडकला होता.

पीएलबी म्हणजे फक्त संकटाची हाक देणारी डबी. अँटेना उलगडायची, बटण दाबायचं, आणि ती ४०६ मेगाहर्ट्झवर ओरडायला लागते. ऐकणारी यंत्रणा कॉस्पास-सारसॅट, जी अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन भरात मिळून उभी केली. १९८२ मध्ये कॅनडात पडलेल्या एका छोट्या विमानातली माणसं तिच्यामुळे सापडली, ती पहिली सुटका. पीएलबीला वर्गणी नाही. बॅटरी न वापरता वर्षानुवर्षं टिकते आणि दाबल्यावर किमान २४ तास चालते. संदेशाची ताकद ५ वॅट, म्हणजे छोट्या मेसेंजरपेक्षा कितीतरी दणकट, शिवाय शोधपथकाला जवळ आल्यावर माग काढता यावा म्हणून १२१.५ मेगाहर्ट्झवर वेगळी खूण. फक्त ती आपल्या नावावर नोंदवायला हवी, नाहीतर कोण ओरडतंय तेच कळत नाही.

दादानं हे सगळं जेवणाच्या टेबलावर ऐकवलं. वहिनी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, पण पाय मुरगळून तुम्ही नुसते एका जागी बसलात, आणि बाकी सगळं ठीक आहे, तर ते मला हे यंत्र कसं सांगणार?"

दादा म्हणाला, "तसं नाही सांगत ते."

"मग मी काय समजायचं? विमान चुकलं, की माणसं गेली?"

आपण यंत्र निवडताना फक्त जीव जाण्याच्या प्रसंगाचा विचार करतो. तो प्रसंग बहुधा येत नाही. येतो तो उशीर. पाणी चढतं, धुकं येतं, एखाद्याचं पोट बिघडतं, आणि ठरलेल्या दिवशी तुम्ही पोचत नाही. त्या वेळी घरच्या माणसानं पोलिसांना फोन करायचा की नाही, हे ठरवायला त्याच्या हातात काहीतरी लागतं. पीएलबीला यातलं काहीच बोलता येत नाही. काही नव्या मॉडेलांत हाक पोचल्याची उलट खूण मिळते, पण तेवढीच.

सॅटेलाइट फोन बोलू शकतो. मोठ्या तुकडीत, जिथे डॉक्टरशी बोलून निर्णय घ्यावे लागतील, तिथे मी तोच घेईन. पण फोन उचलायला पलीकडे कुणीतरी जागं असावं लागतं, आणि बोलता बोलता उपग्रह डोंगराआड गेला की वाक्य अर्ध्यावर तुटतं. मजकूर मात्र वाट बघत थांबतो.

म्हणून शेवटी दुतर्फी मेसेंजर, निरोप पाठवणारा आणि घेणाराही. आम्ही गार्मिनचं इनरीच मिनी २ युरोपात वाटेवर भाड्यानं घेतलं. वजन १०० ग्रॅम, मुठीत मावणारं. भाड्यानं घेण्यामागे एक कारण कायद्याचंही होतं. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगता येत नाही आणि विमानतळावर सामानात ही यंत्रं सापडल्यामुळे परदेशी गिर्यारोहकांना ताब्यात घेतल्याचे प्रकार झाले आहेत. इतरही काही देशांत बंदी किंवा निर्बंध आहेत. जिथे जायचं तिथला नियम तर बघायचाच, पण जिथे नुसतं विमान बदलायचंय तिथलाही बघायचा. ही गोष्ट खरेदीच्या सल्ल्यांमध्ये क्वचितच सापडते.

निघण्यापूर्वी वहिनीबरोबर बसून ठरवाठरवी केली, आणि माझ्या मते यंत्रापेक्षा हीच जास्त उपयोगी पडली. रोज संध्याकाळी मुक्कामावर पोचलो की आधीच लिहून ठेवलेला एक निरोप: सगळे ठीक, आज इथे. त्याबरोबर आमची जागा नकाशावर जाणार. एक संध्याकाळ निरोप आला नाही तर काहीही करायचं नाही. बॅटरी उतरली असेल, यंत्र पाण्यात पडलं असेल. ४८ तास काहीच आलं नाही तर मात्र फोन करायचा. ग्रीनलंडमध्ये जमिनीवरच्या शोधाची जबाबदारी पोलिसांची असते, म्हणून त्यांचा नंबर, आमचा विमा, तंबूंचे रंग, तिघांची औषधं, सगळं एका कागदावर तिच्याकडे. आणि एसओएसची पाळी कधी येईल हेही: चालता येणार नाही, थांबून बरं होणार नाही, आणि दुसऱ्या कुणाची मदत दिसत नाही, या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या तर.

वाट ऑगस्टच्या उत्तरार्धात चाललो. डास जवळजवळ संपलेले, झुडपं तांबूस व्हायला लागलेली. अमित्सोर्सुआक तळ्याच्या काठाकाठानं चालताना यंत्र माझ्या पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावर, वरच्या टोकाला अडकवलेलं होतं. ते तिथेच हवं. पिशवीच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवलेल्या यंत्राला आकाश दिसत नाही, आणि पिशवी पाण्यात वाहून गेली तर यंत्रही जातं.

इक्कातूकवरून इतिन्नेकच्या दरीत उतरलो तेव्हा पावसानं नदी चांगलीच चढली होती. एरवी गुडघाभर पाण्यातून माणसं पार होतात. मास्तरनं काठी बुडवून पाहिली, ती वाकली आणि हातातून सुटता सुटता राहिली. पुलाकडे वळसा घ्यायचा तर दलदल तुडवायची, तीही पावसात. थांबायचं ठरलं. तंबू लावल्यावर मी फोन ब्लूटूथनं यंत्राला जोडून टाइप केलं, कारण यंत्राच्या बटणांनी एकेक अक्षर निवडत बसणं म्हणजे शिक्षा आहे. मर्यादा १६० अक्षरांची, भाषा मराठी, लिपी रोमन: उशीर. नदी चढली. तिघं ठीक. इथेच मुक्काम, खायला भरपूर.

मग यंत्र एका दगडावर उभं करून ठेवलं, अँटेना वर. पडद्यावरचा बाण लुकलुकत राहिला. इथे लोक वैतागतात आणि यंत्र हातात घेऊन हलवायला लागतात. हलवून काही होत नाही. एक उपग्रह या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत जायला साधारण दहा मिनिटं घेतो, दिसेल तेवढ्या आकाशात तो येईपर्यंत थांबायचं. मास्तर तंबूतून सारखा विचारत होता, "गेला का गं?" चहाचं पाणी उकळेपर्यंत गेला.

काही वेळानं उत्तर आलं. "कळलं. तिथे उद्या दुपारनंतर पाऊस थांबतोय. सिसिमिउतची खोली एक दिवस पुढे ढकलू का?"

दादानं ते तीनदा वाचलं. आम्ही लिहिलं, "हो." दुसऱ्या दिवशी पाऊस खरंच थांबला, त्यापुढच्या सकाळी पाणी मांडीखाली आलं आणि आम्ही पट्टे सैल करून, एकमेकांना धरून पलीकडे गेलो. खोलीची, विमानाची काळजी डोक्यात असती तर आम्ही आदल्याच दिवशी पाण्यात उतरलो असतो, असं मला अजून वाटतं. घाई करणारा आमच्यात एक तरी असतोच.

पुढे नेरुमाकजवळ दरी अरुंद झाली आणि तिथे निरोप जायला बराच जास्त वेळ लागला. पाऊण तास असेल. इरिडियम असलं तरी आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसत असेल तर वाट बघणं आलंच. मार्गाची नोंद दर काही मिनिटांनी आपोआप पाठवायची सोय आम्ही बंद ठेवली होती. तिनं बॅटरी खाल्ली जाते आणि घरच्या माणसाला दिवसभर नकाशाकडे बघत बसायची सवय लागते. ठिपका तासभर एका जागी दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि आम्ही बापडे तळ्याकाठी बूट काढून बसलेलो.

एसओएसचं बटण झाकणाखाली राहिलं. ते दाबलं की संदेश चोवीस तास जागं असलेल्या एका केंद्राकडे जातो, तिथला माणूस मजकुरानं विचारतो, काय झालं, किती जण, हलता येतं का, आणि मग स्थानिक यंत्रणेला कळवतो. चुकून दाबलं गेलं तर रद्दही करता येतं. पण बटण दाबलं म्हणजे हेलिकॉप्टर आलंच असं नाही. धुक्यात ते उडत नाही. म्हणून गरम कपडे आणि एक जास्तीचं जेवण पिशवीत हवंच, यंत्र कुठलंही असो.

मास्तर आता एकटा समुद्रात कयाक घेऊन जायच्या बेतात आहे. त्याला मी मेसेंजरबरोबर पीएलबीही घ्यायला सांगितली. ओल्या, गारठलेल्या हातांनी टाइप होत नाही, एक बटण दाबता येतं. तरंगणारी घे, आणि जाकिटालाच बांध, बोटीला नको.

भाड्याचं यंत्र परत करताना दादानं त्यातले जुने निरोप आणि पत्ते पुसले, आमचं खातं त्यातून काढलं आणि वहिनीला कळवलं की आता या यंत्रावरून काही आलं तर ते आमचं नाही. पीएलबी कुणाला विकली किंवा दिली तर नोंदणी बदलायची असते, तेवढं मास्तरला अजून सांगायचंय.