साइट मोबाइलवर नीट दिसायला हवी तर आधी मोबाइलचीच बनवा

सोलापुरात माझ्याकडे साइटसाठी येतात ते बहुतेक पूर्व भागातले चादर-टॉवेलवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, नाहीतर शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं पार्सल पाठवणारे. डिझाइन पसंत करतात ते ऑफिसातल्या मोठ्या स्क्रीनवर, आणि गिऱ्हाईक ती साइट उघडतं साध्या फोनवर, एसटी स्टँडवर उभं राहून, एप्रिलच्या उन्हात, रेंज धड नसताना. म्हणून माझा हट्टच असतो की पहिलं डिझाइन फोनचं, कॉम्प्युटरचं त्यानंतर बघू. गूगलसुद्धा आता साइटचं मोबाइलवरचं रूप बघूनच इंडेक्स करतं, म्हणजे आपल्या शोधाच्या यादीत नोंदवतं, तेव्हा फोनवर जे दिसत नाही ते गूगलसाठीही नसल्यातच जमा.

पहिलं काम अगदी छोटं आहे. २००७ ला आयफोन आला तेव्हा साइटी मोठ्या स्क्रीनच्याच होत्या, म्हणून त्याचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून सगळं बारीक करून दाखवायचा. आजही पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान किती रुंद धरायचं हे ब्राउझरला सांगणारी ओळ) नसला तर साधारण तसंच होतं. त्या टॅगमध्ये रुंदीला डिव्हाइस-विड्थ, म्हणजे फोनच्या स्क्रीनएवढी रुंदी, द्या आणि कृपा करून झूम बंद करू नका, चाळिशी लागलेल्या माणसाला चादरीची वीण बोटांनी मोठी करून बघायची असते.

फोटो हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा घोळ. फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवायचा, असे वीस फोटो एका पानावर, मग पान उघडणार कधी? फोनसाठी हजारेक पिक्सेल रुंदीचा वेबपी (कमी जागेत बसणारा फोटोचा प्रकार) फोटो भरपूर होतो. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे पान तिथवर सरकवल्यावरच ते लोड होतात, पण सगळ्यात वरच्या फोटोला लावू नका, नाहीतर तोच उशिरा येतो, आणि गूगलच्या हिशोबाने मुख्य मजकूर किंवा फोटो अडीच सेकंदांत दिसायला हवा. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा म्हणजे लोड होताना पान उड्या मारत नाही आणि बोट भलत्याच बटणावर पडत नाही.

आता मराठीचं, ज्याकडे बाहेरून टेम्प्लेट, म्हणजे तयार डिझाइन, विकत घेणारे बघतच नाहीत. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) दिलेलं असतं, आपल्या अक्षरांना ते लागलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटून जातो, ते शून्यच करायचं. ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी अक्षरांच्या साइजच्या १.२ पट चालत असेल, मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो, मी १.६ च्या खाली जात नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, तर साधा आणि ठळक असे दोनच प्रकार घ्या, कोडमध्ये फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप ही सेटिंग लावा म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच फॉन्टमध्ये मजकूर दिसतो, पान कोरं राहत नाही. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली की काही फॉन्ट आपल्या वळणाचे ल आणि श दाखवतात, मला हे फार आवडतं.

आणि रेट लिस्ट! डीटीपीवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते, साइटवर पेस्ट केली की भलतीच अक्षरं येतात, म्हणून लोक तिचा फोटोच टाकतात. फोनवर तो वाचता येत नाही, त्यातला एक शब्द सर्चमध्ये सापडत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, परत टाइप करा, वेळ जातो पण जाऊ द्या. युनिफॉर्मच्या साइजचा टेबल रुंद असेल तर फक्त टेबल आडवा सरकू द्या, अख्खं पान नको.

फिकट राखाडी अक्षरं उन्हात दिसत नाहीत, मजकूर आणि मागचा रंग यांचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) निदान ४.५ ला १ ठेवा. बटणं मोठी हवीत, अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे (डीपी हे स्क्रीनवरचं माप). माउस नेल्यावर उघडणारे मेनू फोनवर कामाचे नाहीत. हे सगळं कॉम्प्युटरवरच फोनसारखं पान दाखवणाऱ्या क्रोमच्या डिव्हाइस मोडमध्ये बघता येतं पण तिथे कॉम्प्युटरचाच प्रोसेसर चालतो, साध्या फोनवर पान किती रखडतं ते कळत नाही, म्हणून दुकानातल्या पोऱ्याचा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि रस्त्यावर जाऊन उघडा.

फॉर्म जेवढा छोटा तेवढा बरा. नंबरच्या रकान्याला कोडमध्ये टेल टाइप (फोन नंबरचा प्रकार) दिला की आकड्यांचा कीबोर्ड येतो, आणि रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोन आपोआप झूम करतो. खरं तर आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपच बरं वाटतं. प्रत्येक चादरीखाली व्हॉट्सॲपची लिंक द्या, नंबर ९१ लावून, आणि त्या चादरीचं नाव मेसेजमध्ये आधीच भरून ठेवा, म्हणजे "कुठली हवी?" हे विचारत बसावं लागत नाही.