आठ इंची डॉब दुर्बीण, पुढचं काम: डायगोनल आरशाची सपाटी

मागच्या महिन्यात लिहिलं होतं बघा, माझ्या एफ/६ च्या डॉबमधे (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण, एफ/६ म्हणजे नाभी-अंतर आरशाच्या सहापट) तारा काही केल्या नीट टिंब होईना, फोकसच्या आत घेतला की आडवा लांबट, बाहेर काढला की उभा लांबट. म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम हे नक्की, पण येतोय कुठनं ते कळंना. प्रायमरी, म्हणजे तळातला मोठा आरसा, त्याच्या बैठकीत ९० अंश फिरवून बसवला, लांबटपणा जागचा हलला नाही, म्हणजे तो नाही. आयपीसला डोकं तिरकं करून बघितलं तरी तेच, म्हणजे डोळा पण नाही. राहिला डायगोनल, म्हणजे नळीत वर ४५ अंशात बसवलेला छोटा सपाट आरसा.

मित्राकडनं ७५ मिमीचा ऑप्टिकल फ्लॅट (सपाटी तपासायची एकदम सपाट काच) आणला, लॅम्डा बाय २० चा, म्हणजे चूक प्रकाशाच्या एका तरंगलांबीच्या विसाव्या भागाएवढीच, आणि सरळ गाव गाठलं. परभणीतल्या आमच्या स्लॅबच्या खोलीत मे महिन्यात हे काम होतच नाही, दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री बारा वाजले तरी खोली निवत नाही. गावाकडं आज्ज्याच्या वाड्यात माळवदाची खोली आहे, वर जाडजूड मातीचा थर, भिंती दोन-अडीच फुटांच्या, तिथं तापमान दिवसभर फार हलत नाही. काच तपासायला ह्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, मनापासून सांगतो.

डायगोनल ४६ मिमीचा, लांबीकडनं ६५, ॲल्युमिनियमच्या होल्डरवर सिलिकॉननं चिकटवलेला. तो होल्डरसकटच तपासायचा होता, पण होल्डर तिरका कापलेला, आरसा आडवा कसा राहणार? मग ज्वारीची घट्ट पुरचुंडी बांधली, वाटीत ठेवली आणि होल्डर तिच्यात रोवला, मस्त बसला. ब्लोअरनं धूळ उडवली, मऊ ब्रश फिरवला आणि फ्लॅट हळूच वरनं टेकवला. टेकवायचाच, सरकवायचा नाही, कोटिंगवर ओरखडा पडला की गेलाच. उजेडाला जुना सीएफएल, पुढं हिरवा जिलेटिन पेपर आणि ट्रेसिंग पेपर. फ्लॅट आणि आरसा यांच्यातल्या बारीक फटीमुळं ह्या उजेडात काळे-हिरवे पट्टे दिसतात, पट्टे सरळ तर आरसा सपाट, वाकडे तर नाही. पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरची, म्हणजे एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत फटीत २७३ नॅनोमीटरचा फरक. कोटिंग असलं की पट्टे फिके दिसतात, घाबरायचं नाही, डोळा सरावला की दिसतात.

पहिल्यांदा पट्टे वेडेवाकडे आले, ते हाताच्या उबेनं. दीड तास कुणालाच खोलीत येऊ दिलं नाही. नंतर बघतो तर धनुष्यासारखे पट्टे, बाक जवळजवळ एक आख्खा पट्टा! डोकं खाली नेत तिरकं बघितलं तर पट्टे मधून बाहेर सरकायले, म्हणजे आरसा मधे फुगलेला.

मला आधी वाटलं आरसाच खराब दिला दुकानदारानं. पण टाकून द्यायच्या आधी सोडवून बघू म्हणलं, मासे धरायची तंगूस घेतली आणि करवतीसारखी पुढंमागं ओढत सिलिकॉन कापलं. मागं बघतो तर पाठभर थर थापलेला. रात्रभर आरसा तसाच ठेवला आणि पहाटे पाचला परत फ्लॅट टेकवला. पट्टे जवळजवळ सरळ! दोन पट्ट्यांमधल्या १० मिमीच्या अंतराला बाक २ मिमी, म्हणजे पाचवा हिस्सा, म्हणजे ५५ नॅनोमीटरच्या आसपास. आरसा ४५ अंशात असल्यानं वेव्हफ्रंटवर, म्हणजे आरशावरनं परतणाऱ्या प्रकाशलाटेवर, चूक ह्याच्या दुप्पट न धरता १.४१ पट धरायची, साधारण लॅम्डा बाय ७. मला एवढं बास आहे.

तर वाकवत होतं ते सिलिकॉन. वाळताना ते आकसतं, पाठभर असलं की काचेची पाठ ओढून धरतं आणि पुढनं फुगवटा येतो. आता तीनच ठिपके दिले, हरभऱ्याएवढे, मधे काडेपेटीच्या काड्या ठेवून फट राखली आणि दोन दिवसांनी काड्या काढल्या. परत पट्टे बघितले, फरक जाणवला नाही.

काल रात्री अकराला स्वाती धरला. ध्रुव आपल्याकडं जेमतेम १९ अंशावर, धुरळ्यात उकळत असतो, स्वाती मात्र परभणीत जवळजवळ डोक्यावरनं जातो. डॉब तिथं वळवताना जीव जातो, पण २०० पटीत फोकसच्या आत-बाहेर दोन्हीकडं ताऱ्याची कडी गोल आली, गोल म्हणजे अगदी गोल, आणि मी किती वेळ नुसतं फोकसरच फिरवत बसलो होतो.

फ्लॅट अजून पंधरा दिवस माझ्याकडं आहे, कुणाचा डायगोनल तपासायचा असेल तर होल्डरसकट घेऊन या, आधी सोडवू नका.