एकच गळा, दोनदा

२१ ऑक्टोबर, रात्री

अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथ गेला ती तारीख. २००३ साली, लॉस एंजेलिसमध्ये, वय अवघं ३४. ती आत्महत्या होती की आणखी काही, हे शवविच्छेदनातूनही ठामपणे ठरलं नाही. दारू, ड्रग्ज, नैराश्य हे सगळं त्याच्या वाट्याला आलं होतं, आणि दर वर्षी या दिवशी त्याचीच उजळणी होते. वाईट याचं वाटतं, की त्यात त्याची कारागिरी बाजूलाच राहते.

'रोमन कँडल' हा पहिला अल्बम १९९४चा. पोर्टलंडमधल्या एका घराच्या तळघरात, उसन्या फोर-ट्रॅकवर, म्हणजे चार वेगवेगळे आवाज टेपवर शेजारी-शेजारी टिपणाऱ्या रेकॉर्डरवर केलेला. चार ट्रॅक म्हणजे दोन गिटार आणि दोन आवाज झाले की जागा संपली. आणखी काही हवं तर आधीचे तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. दर उतरवणीला टेपची सरसर वाढते, वरचे स्वर मळतात, आणि एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं होत नाही. म्हणून आधी ठरवायचं, मग वाजवायचं.

आणि तरीही चारांतली जागा तो गळ्यासाठी दोनदा खर्च करायचा. तीच ओळ पहिल्यापासून पुन्हा गायची. पहिल्या टेकची, म्हणजे एकदा गाऊन टिपलेल्या आवाजाची, नक्कल चिकटवून भागत नाही. हुबेहूब दोन लहरी एकावर एक आल्या तर आवाज फक्त मोठा होतो, आणि एक जराशी मागे सरकवली तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. खरोखर दोनदा गायलं की स्वरात केसाएवढा फरक पडतो. दोन गळे मिळून आवाज भरतो, तो याच केसाएवढ्या फरकानं.

करून बघणाऱ्यांसाठी: माईकपासून चार बोटांवर, पुटपुटल्यासारखं गायचं. इतक्या जवळून प-फचा फुत्कार बसतो, म्हणून माईक किंचित तिरका. दुसऱ्या टेकला श्वास त्याच जागी घ्यायचा. शब्दाच्या शेवटचे ट, त, स दुसऱ्यांदा जवळजवळ गिळायचे, नाहीतर ते पुढेमागे पडतात आणि एकाच्या जागी दोन ट ऐकू येतात. बहुतेकांचं इथंच फसतं. मोठ्यानं गाऊनही फसतं, कारण गळा ताणला की दोन्ही टेक आपापल्या वाटेनं जातात.

गिटारच्या साऱ्या तारा तो पुष्कळदा एक पूर्ण स्वर खाली उतरवायचा: डी, जी, सी, एफ, ए, डी. 'बिटवीन द बार्स' (१९९७) तसंच आहे, तीन मात्रांच्या झोक्यावर, अडीच मिनिटांच्याही आत संपणारं. ढिल्या तारा पडद्यांवर खरखरतात आणि बोट जोरात दाबलं की स्वर चढतो. बाराऐवजी तेराचा, म्हणजे जरा जाड तारांचा सेट लावला आणि हात हलका ठेवला की जमतं.

२३ मार्च १९९८ला ऑस्करच्या मंचावर पांढऱ्या सुटात, 'गुड विल हंटिंग' चित्रपटातलं, नामांकन मिळालेलं 'मिस मिझरी' कापून छोटं करून गायला. पारितोषिक 'टायटॅनिक'च्या गाण्याला गेलं.

त्याच वर्षी 'एक्सओ' हा अल्बम आला. आता मोठी कंपनी होती, हवे तितके ट्रॅक होते. शेवटच्या 'आय डिडन्ट अंडरस्टँड'मध्ये त्यानं वाद्य एकही घेतलं नाही. थरावर थर, आणि सगळे त्याच्याच गळ्याचे. दिवा मालवून आत्ता तेच लावलंय.