साताराहून, पुणेहून

दादा, माझा मामेभाऊ, ट्रॅव्हल्स चालवतो. प्रवाशांना जाणारा मेसेज मराठीत हवा म्हणून त्याने मला गाठलं. काम ओळभराचं. पायथॉन 3 या प्रोग्रामिंगच्या भाषेत व्हेरिएबलला (माहिती ठेवायच्या डब्याला) देवनागरी नाव चालतं, ती हौसही भागवून घेतली:

निरोप = "गाडी " + गाव + "हून निघाली आहे."

पहिल्याच सकाळी फोन. "अगं, 'साताराहून' काय? काउंटरवर एक काकू मेसेज दाखवून हसून गेल्या."

बरोबरच होतं त्यांचं. अधिकचं चिन्ह दोन तुकडे शेजारी ठेवतं, बस. मराठीत प्रत्यय लागायच्या आधी शब्द स्वतः बदलतो. शाळेत सामान्यरूप मार्कांपुरतं घोकलं होतं, ते असं वसुलीला आलं. एफ-स्ट्रिंग, म्हणजे वाक्यातच व्हेरिएबल बसवायची सोय, वापरून पाहिली. ओळ देखणी झाली, 'पुणेहून' तसंच राहिलं.

मग नियम लिहिला: शेवटी 'ा' किंवा 'े' असेल तर तो काढायचा आणि "्या" जोडायचा. "पुण" + "्या", झालं पुण्या! हलन्तापासून (पाय मोडायच्या चिन्हापासून) सुरू होणारा तुकडा मागच्या अक्षराला आपोआप चिकटतो, हे बघायला मजा येते. ठाणे, खंडाळा पार पडले. सातारा मात्र "सातार्या" झाला, डोक्यावर रफार घेऊन. तिथे आधी 'र'चा 'ऱ' करावा लागतो.

तेवढ्यात आई मागून म्हणाली, "मिरजहून नाही गं, मिरजेहून." आणि फलटण? "फलटणहून." का? "का म्हणजे? तसंच म्हणतात." शेवटी नियम पुसले आणि साधी डिक्शनरी केली: डावीकडे गाव, उजवीकडे आई म्हणेल ते.

तरीही एक गाव सापडेना. कऱ्हाड. दादाच्या यादीत कऱ्हाड, माझ्या डिक्शनरीत कऱ्हाड, डोळ्यांना तंतोतंत सारखं, आणि पायथॉन म्हणे अशी 'की' (key, डावीकडची नोंद) नाहीच. लांबी, म्हणजे शब्दात किती चिन्हं आहेत ते, छापली: माझं 6, त्याचं 7. मी 'ऱ' टाइप केला होता. त्याच्याकडे साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक, झीरो विड्थ जॉइनर. युनिकोडचं (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाणाचं) नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणं, या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे 'र', हलन्त, जोडक हे त्रिकूट दिसलं की 'ऱ' आणि हलन्त घालायची रिप्लेसची ओळ हातानेच लिहिली. ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. (दादाला सांगितलं तर म्हणाला, "मग कराड लिही की!")

आता त्याला 'गाडी अमुक गावात पोहोचली' असाही मेसेज हवाय. म्हणजे कोल्हापूरचं कोल्हापुरात. 'हून'ला 'पू' दीर्घ, 'त'ला 'पु' ऱ्हस्व. डिक्शनरीत आणखी एक रकाना वाढवलाय, आणि आईला रविवारची वेळ मागितलीये.