लहान खोलीसाठी स्पीकर बदलताना

माझी गाणी ऐकायची खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच. जुने बुकशेल्फ स्पीकर काढून वरच्या दर्जाची जोडी घ्यायची ठरली तेव्हा मन जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच टॉवर स्पीकरवर बसलं होतं. तरी एकही जोडी ऐकायला जाण्याआधी मी खोली मोजायला घेतली, आणि पुढचा जवळपास प्रत्येक निर्णय त्या मोजणीतूनच निघाला.

पहिलं गणित कागदावरचं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की त्या दिशेचा पहिला रूम मोड कळतो, म्हणजे भिंतींमध्ये आवाज कोंडून जिथे फुगतो ती वारंवारता. माझ्याकडे लांबीमुळे ४८ हर्ट्झ, रुंदीमुळे ५७ आणि उंचीमुळे ६४. हे कानालाही ओळखता येतं. डबल बासची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झला लागते. ती तार माझ्याकडे बारीक वाजायची आणि तिच्या वरचा ४९ हर्ट्झचा स्वर आला की अख्खी खोली घुमायची. वादकाने दोन्ही स्वर सारख्याच जोराने छेडलेले असले तरी ऐकणाऱ्याला त्याचा हात अडखळल्यासारखा वाटणार. मला हे फार खुपत होतं.

मग कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोन आणला, खोलीतला आवाज मोजणारं ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवलं आणि खुर्चीवर कानाच्या उंचीला माइक ठेवून स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारे सूर, वाजवले. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवली की आलेखात ४८ हर्ट्झला सुळका. तीच खोलीच्या मधोमध आणली की त्याच जागी खड्डा. मागच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, दोन्ही टोकं बरीच सौम्य झाली. हा आकडा प्रत्येक खोलीला चालेलच असं नाही, पण सुरुवात करायला उत्तम. स्पीकर विकत घेण्याआधी खुर्ची हलवून पाहा, असं मी आता कुणालाही कळकळीने सांगतो.

खुर्चीची जागा ठरली तशी स्पीकरचीही ठरली. स्पीकर आणि डोकं यांचा दीड मीटरचा समभुज त्रिकोण बसला. इथेच टॉवरबद्दलचा माझा विचार बदलला. विक्रेत्याच्या मोठ्या दालनात एक तीन-वे टॉवर, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळ्या भागांनी वाजवणारा, मला मनापासून आवडला होता. त्याने जोडी घरी ऐकायला दिली. दीड मीटरवरून तिचे खालचे स्वर वाजवणारे वूफर आणि वरचे स्वर वाजवणारे ट्वीटर वेगवेगळे कळत होते. गायिकेच्या आवाजातलं वजन खालून यायचं आणि श्वास वरून. उभ्या रांगेत लांब-लांब बसवलेल्या ड्रायव्हरांचे, म्हणजे वूफर-ट्वीटरसारख्या भागांचे, आवाज एकजीव व्हायला थोडं अंतर लागतं, आणि तेवढं माझ्याकडे नाही. शिवाय तिचा पोर्टमधून, म्हणजे कॅबिनेटला ठेवलेल्या भोकातून, येणारा बास नेमका ४८ हर्ट्झच्या फुगवट्याला खतपाणी घालत होता. स्पीकर उत्तमच होता. जागा त्याची नव्हती.

म्हणून शोध लहान, बंद कॅबिनेटच्या आणि समकेंद्री ड्रायव्हरच्या स्पीकरकडे वळला. समकेंद्री म्हणजे ट्वीटर वूफरच्या मध्यभागी. दोन्ही एकाच बिंदूतून बोलतात, त्यामुळे जवळ बसूनही आवाज फाटत नाही. बंद कॅबिनेटचा बास सप्तकामागे साधारण १२ डेसिबलने उतरतो, पोर्टवाल्याचा २४ ने. हा सावकाश उतार लहान खोलीत भिंतींच्या आधाराशी चांगला जुळतो. लहान पेटीला कमी लेखणाऱ्यांनी एलएस३/५ए हा छोटा स्पीकर आठवावा. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनसारख्या अरुंद जागांसाठी तो बनवला, आणि मानवी आवाजासाठी रसिक आजही त्याचं नाव घेतात.

नवी जोडी स्टँडवर चढली, ट्वीटर कानाच्या रेषेत आले. स्पीकरचा दर्शनी भाग त्याच्या पाठीमागच्या, म्हणजे माझ्या समोरच्या, भिंतीपासून ९३ सेंटिमीटरवर. भिंतीवर आपटून परतलेली लाट इथे सुमारे ९२ हर्ट्झला थेट आवाजाला खाते, कारण हे अंतर त्या तरंगलांबीच्या पाव हिश्शाएवढं आहे. अशी पोकळी ईक्यूने, म्हणजे ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने, भरत नाही. ॲम्प्लिफायर नुसता तापतो. मी १०० हर्ट्झखालचं काम भिंतीलगतच्या, फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या सबवूफरकडे दिलं आणि त्याची जागा ठरवायला सबवूफरच खुर्चीवर ठेवला. मग माइक भिंतीकडेने फिरवला, जिथे आलेख सर्वांत सपाट आला तिथे सबवूफर मांडला. स्पीकर आणि सबवूफर यांचा डिले आणि फेज, म्हणजे आवाज पोहोचायची वेळ आणि लाटांचे चढ-उतार, जुळवायला मात्र चिकाटी लागली. क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे जिथे एकाचं काम दुसऱ्याकडे जातं त्या १०० हर्ट्झच्या आसपास, दोघांची बेरीज होतेय की वजाबाकी, हे दर वेळी मोजावं लागतं.

ईक्यू सर्वांत शेवटी, आणि फक्त सुळके कापायला. ४८ आणि ५७ हर्ट्झला एकेक अरुंद फिल्टर पुरला. बाजूच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी, म्हणजे स्पीकरचा आवाज एकदाच आपटून कानाकडे येतो तिथे, १० सेंटिमीटर जाडीचे मिनरल वूलचे पॅनेल लावले, त्यांनी गायकाची जागा दोन स्पीकरच्या मधोमध पक्की केली. ४८ हर्ट्झची लाट ७ मीटरहून लांब, तिच्यावर त्या पॅनेलचा काही परिणाम नाही, आणि पातळ फोमचा तर नाहीच.

आता डबल बासचे स्वर एका मापाचे येतात, डग्ग्यावरची मींड मध्येच फुगत नाही. उंचीचा ६४ हर्ट्झचा मोड अजून थोडा जाणवतो. त्यासाठी छताच्या कोपऱ्यांत खालचे स्वर शोषणारे जाड बास ट्रॅप बसवायचे आहेत.