सबॅस्टियन डिसोझांचं नाव कुठे लिहायचं?

18 जानेवारी

अँथनी गोन्साल्विस यांचा आज स्मृतिदिन. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या (1977) गाण्यामुळे त्यांचं नाव निदान घरोघर पोचलं. सबॅस्टियन डिसोझांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, याची रुखरुख जात नाही. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांचे ते अरेंजर, म्हणजे चालीवर वाद्यांची रचना बसवणारे. पण तबकडीच्या लेबलावर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावं. अरेंजरला तिथे जागाच नव्हती.

संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायचा, सुरुवातीच्या आणि मधल्या संगीताची मापं धरायचा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत, त्यामुळे एकेक मात्रा मोजून. मग प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद. सा पेटीच्या पांढरी एकचा, म्हणजे सी असेल, तर ट्रम्पेटच्या कागदावर तो पांढरी दोन म्हणून लिहावा लागतो आणि आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर पांढरी सहा म्हणून, कारण ही वाद्यं अनुक्रमे बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅटची, म्हणजे कागदावरचा सी त्यांच्यातून त्या स्वरात वाजतो. हा बदल राहून गेला, की सॅक्सोफोनमधून काळी दोन वाजते. आणि गायकासकट सगळे एकदमच रेकॉर्ड होत, त्यामुळे एकाच्या चुकीने सगळा टेक वाया.

पण हे झालं शिस्तीचं काम. खरी कसोटी गाण्याच्या ओळीखालून व्हायोलिनची दुसरी धून चालवताना लागते. यमनची चाल घ्या. सा पांढरी एकचा धरून पाश्चात्त्य सवयीने एफ मेजरचा कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन स्वर) दिला, तर शुद्ध मध्यम येतो आणि यमनचा चेहराच पुसला जातो. त्याऐवजी डी मेजर दिला, तर रे, तीव्र म, ध असे रागातलेच स्वर मिळतात. शिवाय गायिका शब्द लांबवते तिथे धून हलली पाहिजे, ती हरकत घेते तिथे स्थिर राहिली पाहिजे. दोघं एकाच वेळी हलले, तर शब्द बुडतात. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनं इतकी असून शब्द बुडत नाही, याचं मोठं श्रेय सबॅस्टियन यांना आहे, असं माझं ठाम मत आहे.

ही माणसं बहुतेक गोव्याची. चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकलेली, त्यामुळे कागद समोर आला की लगेच वाजवणारी. चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या गाण्यांत आहे. फ्रँक फर्नांड यांनी तर ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ हे कोंकणी चित्रपटही काढले.

मरणोत्तर एखादी ढाल देऊन हे भागणार नाही. नोंद गाणंवार हवी: अरेंजर कोण, ट्रम्पेट कोणाचा, सॅक्सोफोन कोणाचा. पुरावा म्हणून उरलेले नोटेशनचे कागद आणि त्या वेळच्या वादकांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, दोन्ही ताडून पाहायच्या, कारण निव्वळ आठवणीत गाणी एकमेकांत मिसळतात. जिथे मतभेद असेल तिथे दोन्ही नावं लिहावीत. आणि ऑनलाइन गाणं वाजतं तिथे, संगीतकाराच्या नावाखाली, पहिली भर सबॅस्टियन यांच्या नावाची घालावी.