आमची वाटचाल : तापकीर गल्लीच्या पोटमाळ्यावरून

तापकीर गल्लीत पोटमाळ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान थाटलं, तेव्हा हार्ड डिस्क गेली की आम्हीही नवी बसवून द्यायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "आणि आतलं?" त्याला द्यायला उत्तर नसायचं, आणि ते मला फार लागायचं.

मग आतला डेटा परत मिळवायला दुसऱ्या डिस्कचा पीसीबी, म्हणजे तिच्यावरचा सर्किट बोर्ड, लावून पाहू लागलो. मॉडेल तेच, तरी डिस्क उठायची नाही. त्या एका डिस्कपुरती जुळणी बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते आणि ती चिपही काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते, हे चुकतमाकत शिकलो. हेड, म्हणजे चकतीवरचा डेटा वाचणारा भाग, बदलणं त्याहून नाजूक. फिरत्या चकतीपासून हेड काही नॅनोमीटरवर तरंगतं. धुळीचा कण म्हणजे त्याच्या वाटेतला धोंडाच. म्हणून हातात पैसे येताच आधी लॅमिनार फ्लो बेंच, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेच्या झोतात काम करायचं टेबल, घेतला. दुकानाची पाटी नंतर रंगवली.

भोसरीच्या वर्कशॉपचं काम अजून डोळ्यांसमोर आहे. चार डिस्कचा सर्व्हर, रेड फाइव्ह, म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर वाटून ठेवायची पद्धत. त्यात एक डिस्क गेली तर निभावतं, दुसरी गेली की सगळं बसतं. पहिली कधीच गेली होती. लाल दिव्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दुसरी टकटक करायला लागली, तेव्हा मालक चारही डिस्क टॉवेलात गुंडाळून रात्री आले. प्रत्येकीवर स्केचपेनने स्लॉटचा, म्हणजे सर्व्हरमधल्या तिच्या जागेचा, नंबर घातलेला. केवढं काम वाचवलं त्या नंबरांनी! "टॅली, जॉबची ड्रॉइंग्ज, सगळं यातच आहे. शनिवारी पगार करायचेत," म्हणाले.

आधी दोन धडधाकट डिस्कच्या जशाच्या तशा प्रती काढल्या. मूळ डिस्कवर आम्ही कधीच प्रयोग करत नाही. टकटकणारीला डोनर डिस्कची, म्हणजे तशाच दुसऱ्या चांगल्या डिस्कची, हेड बसवली आणि ओरखडा पडलेला भाग शेवटी वाचायला ठेवला. आधी गेलेली डिस्क मुद्दाम बाजूला ठेवली. तिच्यातला डेटा शिळा, तो मिसळला असता तर चांगल्या फायलीही नासल्या असत्या.

शुक्रवारी संध्याकाळी टॅली उघडलं. ओरखड्याखालची १४ ड्रॉइंग्ज मात्र गेली. चकतीवरचा थरच खरवडला गेला की तिथलं कुणालाच आणता येत नाही. तसं स्पष्ट सांगून त्यांची यादी हातात दिली. मालकांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आधी पगाराच्या शीटची प्रिंट काढून द्या."